पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये चूक झाली – ग्राहक आयोगात जावं का? अनुभव हवेत

सोनकी
नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आईचं (वय ६१) मागच्या वर्षी दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. खडे होते. आमच्या तालुक्याच्या गावातले सर्जन, नाव घेत नाही, पंचवीस वर्षं घरातलं सगळं त्यांच्याकडेच. मंगळवारी ऑपरेशन, शुक्रवारी घरी. घरी आल्या दिवसापासून पोट फुगायला लागलं, उजवा खांदा दुखतोय म्हणाली, घास जाईना. बाबा रोज फोन करायचे. उत्तर एकच, "दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात, तो निघतोय, ओवा द्या." आम्ही ओवा दिला हो, खरंच दिला. सहाव्या दिवशी डोळे पिवळे, आठव्या दिवशी गाडी करून पुणं. तिथे कळलं की पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकेलाच क्लिपा लावून ती कापली गेलीये आणि वरचं टोक उघडं राहून पोटात दीड लिटर पित्त साठलंय. आधी नळी घालून ते काढलं. अडीच महिने आई ती पिशवी कमरेला बांधून फिरत होती. मग मोठं ऑपरेशन करून आतडं वर ओढून यकृताच्या नळीला जोडलं.

पहिलं बिल ६२ हजार. पुण्याचं सगळं मिळून ६ लाख ८० हजार, त्यातले ३ लाख मेडिक्लेमने दिले. १४ महिने झाले. आई आता बरी आहे पण मधूनच थंडी वाजून ताप येतो, मग परत पुणं.

केस करावी का, कुठे करावी, किती वर्षं लागतात? आणि घरातच एकमत नाहीये ते वेगळंच.

रोखठोक
विचारताय काय, सरळ पोलिसात जा, एफआयआर करा. दोन दिवस आत बसला की सगळं आठवेल.

झणझणीत
ओवा!! मी गेली दहा वर्षं ॲसिडिटीला ओवा खातोय, आता पोट धरून बसलोय.

हेलपाटे
सोनकी, आईंना आधी नमस्कार सांगा. मी या वाटेने गेलोय म्हणून लिहितो.

वडिलांच्या गुडघ्याची केस होती, जिल्हा आयोगात (तेव्हा मंच म्हणायचे). ऑपरेशननंतर आत पू झाला होता आणि तीन आठवडे नुसत्या वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या. कायद्यात लिहिलंय की तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, तपासणी लागली तर पाच. आमची सहा वर्षं आणि चार महिने चालली. त्यात एक वर्ष तर एका सदस्याची जागाच रिकामी, कोरम नाही, शिपाई बाहेर येऊन पुढची तारीख सांगायचा आणि आम्ही समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत. सव्वातीन लाख आणि व्याज असा निकाल लागला. ते राज्य आयोगात अपिलात गेले, त्यासाठी त्यांना निम्मी रक्कम भरावी लागली. शेवटी तडजोड केली. वडील निकालाच्या आधीच गेले.

करू नका असं म्हणत नाहीये. पण सहा वर्षांची तयारी ठेवून करा.

वकिलीणबाई
रोखठोक, एवढ्या घाईने आत घालू नका कुणाला. नवीन न्याय संहितेचं कलम १०६ निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर लागतं, इथे देवाच्या दयेने आई हयात आहेत. दुखापतीसाठी १२५ आहे. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी चालवायची तर निष्काळजीपणा ढळढळीत हवा, आणि आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यायचं. सरसकट अटक नाही. पोलीस कागद सिव्हिल सर्जनच्या समितीकडे पाठवतील, समिती "गुंतागुंत संभवते" असं लिहील, आणि तोच कागद उद्या आयोगात तुमच्याविरुद्ध येईल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही.

सोनकी, मुद्द्याचं. दोन वर्षांची मुदत आहे, १४ महिने गेलेत. मुदत चूक कळल्या दिवसापासून धरा वगैरे युक्तिवाद होतात, पण तुम्ही ऑपरेशनच्या तारखेपासून मोजा आणि त्याआधी दाखल करा. उशीर माफ होतो, पण मागावा लागतो. माफी मागत केस सुरू करण्यात काय अर्थ आहे.

आयोग कुठला ते २०१९ च्या कायद्यात तुम्ही भरलेल्या पैशावर ठरतं, नुकसानभरपाई किती मागता त्यावर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य, त्यापुढे राष्ट्रीय. तुम्ही भरले ६२ हजार, म्हणजे जिल्हा आयोग, आणि ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. मागणी २० लाखांची केली तरी शून्य. शिवाय आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. वकील सक्तीचा नाही. (हे लिहून माझ्याच पोटावर पाय आणतेय.)

झणझणीत
वकिलाने वकील नको म्हटलं, आज पाऊस पडणार.

बिनसाखरेचा
मी सर्जन आहे, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीने लिहितोय.

पित्तनलिकेला इजा होणं ही या ऑपरेशनमधली जगभर माहीत असलेली गुंतागुंत आहे, हजारात तीन-चार जणांना होते, मोठमोठ्या हॉस्पिटलांतही होते. सूज असेल, सगळं चिकटलेलं असेल तर दोन नळ्यांतला फरक कळत नाही. म्हणजे नळी कापली गेली म्हणून आपोआप निष्काळजीपणा ठरत नाही. इथे सगळे दगड घेऊन उभे आहेत म्हणून सांगितलं.

माझ्यावर स्वतःवर केस होती. पाच वर्षं चालली, माझ्या बाजूने निकाल लागला, कुणाला पेढे वाटावेसे वाटले नाहीत. त्यानंतर मी अवघड केस दिसली की सरळ शहरात पाठवतो. गावातल्या माणसाचा तोटाच झाला ना शेवटी?

रोखठोक
आला, पांढऱ्या कोटाची बाजू घ्यायला आला.

सोनकी
रोखठोक दादा, प्लीज. मला त्यांचंच ऐकायचंय.

डॉक्टर, नळी कापली याचा रागच नाहीये मला. पुण्याच्या सर्जननीही हेच सांगितलं की होऊ शकतं. पण आठ दिवस ओवा का? आणि नंतर भेटायला गेलो तर म्हणाले, "माझ्याकडून पेशंट ठणठणीत गेला." एकदा म्हणाले असते ना की चुकलं बुवा, तर हा धागा निघालाच नसता.

बिनसाखरेचा
ते न म्हणण्याचं कारण सांगतो, समर्थन नाही. आम्ही सगळे इन्डेम्निटी विमा घेतो, म्हणजे पेशंटने दावा लावला तर भरपाई देणारा. त्यात अट असते की विमा कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, केली तर संरक्षण जाऊ शकतं. चुकलं म्हणावंसं वाटतं आणि जीभ टाळ्याला चिकटते. मलाही माझ्या पेशंटच्या बायकोला भेटायला जायचं होतं, वकिलाने जाऊ दिलं नाही.

ओव्याबद्दल: खांदा दुखणं पहिले दोन दिवस गॅसमुळे असतंच. चौथ्या-पाचव्या दिवशी पोट फुगतंय, जेवण जात नाही, तेव्हा बोलवून सोनोग्राफी करायलाच हवी होती. फोनवर नाही. इथे माझ्याकडे उत्तर नाही.

वकिलीणबाई
हेच पकडा. "नळी का कापली" हा वाद तज्ज्ञांचा, त्यात तुम्ही हराल. "कापल्यावर काय केलं" हा वाद कागदाचा, तो तुम्हाला जिंकता येतो. आता कागद किती आहेत ते सांगा.

सोनकी
पहिल्या हॉस्पिटलचं एक पानी डिस्चार्ज कार्ड, बिल आणि दोन रक्ताचे रिपोर्ट. बास.

निवृत्त नाना
सोनकीबाई, कार्ड म्हणजे बसचं तिकीट, प्रवास त्यात नसतो. आख्खी इनडोअर फाइल मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे, पेशंटने किंवा अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, आणि दाखल पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं. म्हणजे तुमची फाइल अजून असायलाच हवी. मुंबई हायकोर्टानेही १९९६ साली रहेजा प्रकरणात केस पेपर पेशंटला द्यावेच लागतील असं सांगून ठेवलंय. तोंडी मागू नका. आईंच्या सहीने पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर पोस्टाने. आपलं रजिस्टर एडी २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन केलं, आमच्या पिढीचा शेवटचा आधार गेला, पण पोच तिथेही मिळते.

पालशेतची पोफळ
अवांतर आहे पण राहवत नाही. भारतात डॉक्टरच्या कर्तव्याबद्दल कोर्टात जो निकाल अजून घोकला जातो तो आमच्या गावच्या समुद्रकिनाऱ्यावरून सुरू झाला! १९५३ चा मे महिना, गुहागरजवळ पालशेतच्या पुळणीवर एका विशीतल्या मुलाची मांडी मोडली. पुण्याला नेलं. तिथे भूल न देता माणसं लावून पाय ओढला, मुलगा त्याच दिवशी गेला. वडील स्वतः दौंडचे डॉक्टर. डॉक्टरने डॉक्टरवर दावा लावला, १९६८ साली सुप्रीम कोर्टाने वडिलांच्या बाजूने कायम केला. जोशी विरुद्ध गोडबोले. पेशंट घ्यायचा का, कोणता उपचार द्यायचा, तो कसा द्यायचा, तिन्ही ठिकाणी काळजी घ्यायची असं त्यात म्हटलंय. भरपाई तीन हजार रुपये.

झणझणीत
जोशी विरुद्ध गोडबोले, म्हणजे अपील, फेरअपील आणि मग दिवाळी अंकात लेख.

हेलपाटे
झणझणीत, पंधरा वर्षं लढला तो बाप. राहू दे.

झणझणीत
बरोबर आहे. सॉरी.

मराठवाडी
आमच्याकडचं पण ऐका मग. संभाजीनगरच्या (तेव्हा औरंगाबाद) सरकारी दवाखान्यात १९६३ साली एका बाईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं आणि पुसायचा कपडा पोटातच राहिला. बाई वारली. खालच्या कोर्टाने ३६ हजार दिले, हायकोर्टाने फिरवलं, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत दिले. ३३ वर्षं. पण त्यात एक चांगलं झालं, पोटात कपडा सापडला म्हणजे निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करत बसायची गरज नाही, आणि सरकारी दवाखाना म्हणून सरकारला अंग काढता येत नाही, हे ठरलं.

माझा प्रश्न, सरकारी दवाखान्यात झालं तर ग्राहक आयोगात जाता येतं का? मामाची केस आहे.

वकिलीणबाई
मराठवाडी, १९९५ चा शांता निकाल बघा, डॉक्टर ग्राहक कायद्यात आले ते त्यातूनच. जिथे कुणाकडूनच पैसे घेत नाहीत तिथे ग्राहक नाही. नावापुरती नोंदणी फी म्हणजे पैसे नव्हेत. पण काहींकडून घेतात आणि काहींना फुकट, तर फुकटवालेही ग्राहक. आणि बिल विमा कंपनीने किंवा मालकाने भरलं तरी ती पैशाचीच सेवा. मामांना पूर्ण मोफत दवाखान्यात झालं असेल तर दिवाणी कोर्ट. तुम्ही सांगितलेली केस दिवाणीच होती.

रोखठोक
सोनकीताई त्या कोलकात्याच्या केससारखं करा, ११ कोटी मिळाले. पाच-पन्नास लाख तर सहज मागा.

हेलपाटे
त्यातलं पुढचं-मागचं पण सांगा की. बायको १९९८ ला गेली, निकाल २०१३ ला. मूळ रक्कम साधारण ६ कोटी, बाकी व्याज. नवरा स्वतः डॉक्टर, अमेरिकेत, आपली केस आपणच अभ्यासून लढला. सोनकीची आई इथली गृहिणी, पहिल्याच तारखेला समोरचा वकील म्हणेल उत्पन्न शून्य.

सोनकी
आई शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको. म्हणजे करायची. आता मशीनवर वाकलं की पोट ओढतं म्हणते, मशीनवर चादर टाकून ठेवलीये.

वकिलीणबाई
हे तक्रारीत घाला, असंच घाला. गिऱ्हाइकांची मापाची वही असेल तर ठेवा. आणि गृहिणीच्या घरकामाला मोल असतं हे सुप्रीम कोर्टाने मोटार अपघातांच्या निकालांत स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे शून्य कुणी म्हणू दे. बिलं, पुण्याच्या गाड्यांचे पैसे, तुम्ही किती दिवस बिनपगारी रजा घेतलीत, सगळं.

रात्रपाळी
मी स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं. वाचत होते, आता लिहिते.

सोनकी, ऑपरेशननंतर आईंच्या पोटाला ड्रेनची नळी होती का? असेल तर फाइल मागताना नुसतं "फाइल" लिहू नका. नावं घालून मागा: ऑपरेशन नोट, भुलीचा कागद, संमतीपत्र, डॉक्टरांच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, इनटेक-आउटपुट चार्ट. डॉक्टर लोक राउंडला "पेशंट ठीक" एवढंच लिहितात. खरं काय झालं ते आमच्या कागदावर असतं. रात्री तीनला ड्रेनची बाटली आम्हीच रिकामी करतो, किती मिली आणि रंग कसला ते लिहिल्याशिवाय पाळी बदलता येत नाही. पुढची सिस्टर भांडते.

बिनसाखरेचा
हे सोन्यासारखं आहे, मी विसरलो होतो. ऑपरेशन नोटमध्ये "क्रिटिकल व्ह्यू" दिसला असं लिहिलंय का तेही बघा. म्हणजे कापण्याआधी दोनच गोष्टी पित्ताशयात जाताना स्पष्ट दिसल्या पाहिजेत, एक नळी आणि एक रक्तवाहिनी. रेकॉर्डिंग केलं असेल तर तेही मागा. आणि पुण्याच्या हॉस्पिटलची समरी जपा. एक डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लेखी मत देत नाही हे कटू सत्य आहे, पण समरीत त्याला जे दिसलं ते लिहावंच लागतं. तोच तुमचा तज्ज्ञ.

सोनकी
ड्रेन होता! पहिल्या दिवशी लालसर होतं, नंतर आई म्हणाली होती "पालकाच्या पाण्यासारखं येतंय." शुक्रवारी सकाळी काढला आणि घरी पाठवलं. समरीत "स्ट्रासबर्ग ई-२" (पित्तनलिकेच्या इजेचा प्रकार) असं लिहिलंय.

बिनसाखरेचा
पालकाच्या पाण्यासारखं?

फाइल येऊ दे. तोपर्यंत मी काही बोलत नाही.

ऑकलंडकर
आमच्या न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून वेगळीच पद्धत आहे. एसीसी नावाची सरकारी व्यवस्था, उपचारातून इजा झाली की अर्ज करायचा, कुणाची चूक हे सिद्ध करत बसायचं नाही, उपचार आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा मिळतो. बदल्यात भरपाईसाठी डॉक्टरवर दावा लावता येत नाही. माझ्या बायकोला फिजिओच्या उपचारातून इजा झाली, तो फिजिओ स्वतः फॉर्म भरायला मदत करत होता! पैसे मात्र कोटीबिटी नाहीत.

रोखठोक
म्हणजे डॉक्टर मोकळाच?

ऑकलंडकर
मोकळा नाही, त्याच्याविरुद्ध तक्रार वेगळ्या ठिकाणी होते. फक्त पैशाचा आणि शिक्षेचा धागा तोडलाय.

निवृत्त नाना
आपल्याकडेही शिक्षेचं दार वेगळंच आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. परवान्यावर कारवाई करू शकतं, पैसा देऊ शकत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. पण सोनकीबाई, घरात एकमत नाही म्हणालात ते काय?

सोनकी
आईला केस नकोय नाना.

म्हणते, तुझे आजोबा शेवटचे होते तेव्हा हाच माणूस रात्री दोनला स्कूटरवर आला होता, पावसात, पैसे घेतले नाहीत. बाबांचं उलट. बाबा एसटीत कंडक्टर होते. ३१ वर्षांत एक रुपयाचा हिशेब चुकला नाही असं आम्हाला लहानपणापासून ऐकवतात आणि या माणसाने न वाचता इंग्रजी संमतीपत्रावर सही केली, ते त्यांना सुटत नाहीये. रात्री उठून बसतात. केस त्यांना डॉक्टरवर करायचीये की स्वतःवर, मला कळत नाही.

हेलपाटे
माझ्या आईने पण हेच म्हटलं होतं. तिला न विचारता केली. आज परत केली असती का, माहीत नाही. पण त्या सहा वर्षांत एकदा, फक्त एकदा, उलटतपासाच्या प्रश्नावलीत त्या डॉक्टरला लिहून द्यावं लागलं की तीन आठवड्यांत एकही रक्ताची तपासणी केली नाही. "नाही." असं टाइप केलेलं. तो कागद मी वडिलांना वाचून दाखवला. पैशापेक्षा तोच कागद आठवतो मला.

रोखठोक
आमच्या गावात असतं तर पोरांनी काचा ठेवल्या नसत्या.

वकिलीणबाई
आणि पोरं आत गेली असती. २०१० चा महाराष्ट्राचा कायदा आहे, दवाखान्यात तोडफोड म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद, वर नुकसानीच्या दुप्पट वसुली. मग डॉक्टर फिर्यादी आणि तुम्ही आरोपी.

चुलीवरची
मला एक कळत नाही, सगळे कागद कागद करताय, पण आयोगाला यातलं काय कळतं? तज्ज्ञ लागतोच ना?

वकिलीणबाई
२०१० मध्येच सुप्रीम कोर्टाने किशन राव निकालात सांगितलं की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही. त्यात मलेरियाच्या बाईला टायफॉइडची औषधं दिली होती. जिथे चूक उघड दिसते तिथे आयोग स्वतः ठरवू शकतो, गुंतागुंतीचं असेल तर समितीकडे पाठवतो. म्हणूनच मी म्हणतेय नळीच्या वादात अडकू नका.

निवृत्त नाना
धागा वर काढतोय. तीन आठवडे झाले, सोनकीबाई कुठे आहात?

सोनकी
आहे आहे. सांगते.

पत्र दिलं. काउंटरवरच्या मुलीने "सर नाहीत" म्हणून शिक्का दिला नाही, मग नानांच्या स्पीड पोस्टाने. ७२ तास सोडा, अकराव्या दिवशी निरोप आला की घेऊन जा. झेरॉक्सचे ४६० रुपये घेतले. बाबांनी पावती मागितली.

रात्रपाळी ताई, तुम्हाला काय म्हणू. नर्सिंगचं पान फोटो काढून बघत बसलेय दोन दिवस. गुरुवार संध्याकाळ, निळ्या पेनाने, वळणदार अक्षर: "ड्रेन २१० मिली, बाइल स्टेन्ड, सरांना फोनवर कळवले." आणि शुक्रवार सकाळी डॉक्टरांच्या अक्षरात एकच ओळ, ड्रेन काढला, डिस्चार्ज.

रात्रपाळी
त्या सिस्टरने "सरांना कळवले" लिहिलं म्हणजे तिला तेव्हाच भीती वाटली होती. आम्ही ते उगाच लिहीत नाही.

बिनसाखरेचा
सोनकी, मी वर हजारात तीन-चार वगैरे लिहिलं ते मागे घेत नाही, ते खरंच आहे. पण २१० मिली पित्त येतंय हे माहीत असताना ड्रेन काढून पेशंट घरी पाठवणं, हे गुंतागुंतीत बसत नाही. त्या रात्रीच वर पाठवायला हवं होतं. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं याचा दोन दिवस विचार करतोय. पाठवलं असतं असं वाटतं. त्याने का नाही पाठवलं हे मला कळत नाही.

झणझणीत
विनोद सुचत नाहीये. चालू द्या.

वकिलीणबाई
आता लगेच: मिळालेल्या प्रत्येक पानावर त्यांचा "खरी नक्कल" शिक्का आहे का बघा. नसेल तर परत जा. आणि सगळी पानं मोजा.

सोनकी
बाबांनी आधीच मोजली. तिकिटांचा गठ्ठा मोजायचे तसं बोटाला थुंकी लावून. वर कोपऱ्यात हॉस्पिटलचेच आकडे आहेत, १ ते ४६. पानं ४४ आहेत. २७ आणि २८ नाहीत.

वकिलीणबाई
आजूबाजूची पानं कुठल्या तारखेची?

सोनकी
२६ गुरुवार रात्र, २९ शुक्रवार दुपार. बिलाचा कागद.

वकिलीणबाई
दुसरं पत्र द्या, फक्त या दोन पानांसाठी. उत्तर आलं नाही तरी चालेल, न आलेलं उत्तरही आयोगात दाखवता येतं. मग रीतसर नोटीस, १५ दिवस, मग तक्रार. नोटीस आल्यावर त्यांना लेखी म्हणण्याला ३० दिवस आणि वर १५, २०२० पासून त्यापुढे एक दिवस मिळत नाही. डॉक्टरांच्या विमा कंपनीलाही सामील करा. आणि फोन केव्हा केव्हा केलेत त्याचा काही पुरावा?

सोनकी
बाबांची दुधाच्या हिशेबाची वही आहे. त्यात त्या आठवड्यात दुधाच्या खाली लिहिलंय. "शनि. रा. ९.४० डॉ. फोन. गॅस आहे. ओवा." "रवि. स. ७.१५ डॉ. फोन. उचलला नाही." "रवि. स. ८.०५ ओवा + गरम पाणी." अशा अकरा नोंदी आहेत. दुधाचा आकडा पण त्या दिवसापासून अर्धा लिटरने कमी झालाय, आई चहा पीत नव्हती ना.

आईने काल ती वही वाचली. पहिल्यांदाच. काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, पत्रावर सही करते, पण पैसे किती मागायचे ते मी सांगेन, आणि त्यांच्या परवान्याचं काही करायचं नाही, गावात दुसरं कोण आहे. म्हणजे कौन्सिल नाही, आयोग हो.

निवृत्त नाना
त्यांची केस, त्या म्हणतील तसं.

हेलपाटे
पहिल्या तारखेला कळवा, जिल्हा जवळचा असेल तर मी येतो. टपरी मला माहीत असते सगळीकडची.

वकिलीणबाई
ती वही मूळची जपा. झेरॉक्स जोडायची, मूळ मागितली की दाखवायची. खाडाखोड नको, लॅमिनेशन नको, नीटनेटकं काही करायला जाऊ नका.

सोनकी
उशीर झाला ताई. बाबांनी तिला ब्राउन पेपरचं कव्हर घातलंय आणि वर माझ्या शाळेतलं लेबल चिकटवून "महत्त्वाची" लिहिलंय.